क्वांटम निर्वातातून वीज मिळते का? आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मांडायचा हिशेब

गोव्यातील डिचोली भागात काजूवर प्रक्रिया करणाऱ्या एका उद्योजकांनी विचारलेला प्रश्न प्रथम थोडक्यात मांडतो. पावसाळ्यात त्यांच्या कारखान्याची वीज वारंवार जाते आणि जनरेटरला लागणारे डिझेल परवडत नाही. अशा वेळी एका विक्रेत्याने त्यांना ‘शून्यबिंदू ऊर्जे’वर चालणारे पाच किलोवॅटचे यंत्र देऊ केले आहे. त्याला इंधन लागत नाही, सूर्यप्रकाशही लागत नाही, असे तो सांगतो आणि आगाऊ रक्कम मागतो. पुरावा म्हणून त्याने कॅसिमिर परिणामावरचे (निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या धातूच्या पट्ट्यांमधील ओढीवरचे) काही लेख, अमेरिकेतील एका पेटंटची प्रत आणि प्रात्यक्षिकाची चित्रफीत दिली आहे. या उद्योजकांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: ही ऊर्जा खरोखर असते का, असल्यास ती वापरता का येत नाही, आणि मोठ्या कंपन्या असे शोध दाबून ठेवतात या म्हणण्यात काही तथ्य आहे का. आगाऊ रक्कम द्यावी का, याबद्दल माझे मतही त्यांनी विचारले आहे.

महोदय, आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि विक्रेत्याचे सारे कौशल्य ते गुंतलेले ठेवण्यात आहे. निर्वातात ऊर्जा आहे का, हा एक प्रश्न. ती काढून घेऊन पुन्हा पुन्हा काम करून घेता येते का, हा दुसरा. पहिल्याला पदार्थविज्ञान बऱ्याच अंशी ‘होय’ म्हणते आणि त्याचे पुरावे प्रतिष्ठित नियतकालिकांत छापलेले आहेत. विक्रेता आपल्याला ते पुरावे दाखवतो आणि किंमत मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची मागतो. मी आधी नीच तापमानाच्या प्रयोगशाळेत काम केले, नंतर गोव्यात पदार्थविज्ञान शिकवले आणि त्याबरोबर विद्युत मापनाची कामेही केली. त्यामुळे सिद्धान्त आणि मीटर या दोन्ही बाजूंनी हा विषय माझ्यापुढे अनेकदा आला आहे. लोकांनी कष्टाचे पैसे यात घातलेलेही मी पाहिले आहेत, म्हणून उत्तर जरा लांबले तरी नीट देतो.

शून्यबिंदू ऊर्जेची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आणि पूर्ण प्रतिष्ठित आहे. मॅक्स प्लांक यांनी १९११-१२ च्या सुमारास असे मांडले की, कंप पावणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत निरपेक्ष शून्य तापमानालाही अर्ध्या पुंजाइतकी (पुंज म्हणजे क्वांटम, ऊर्जेचा सर्वांत लहान वाटा) ऊर्जा शिल्लक राहते. पुढे पुंजभौतिकी उभी राहिल्यावर ही गोष्ट तिच्या मूळ नियमांतूनच निघते असे दिसले. कणाचे स्थान आणि संवेग दोन्ही एकाच वेळी नेमके ठरू शकत नाहीत, त्यामुळे तो पूर्णपणे स्थिर होऊच शकत नाही. याचा परिणाम मी बेंगळुरूला संशोधन करत असताना डोळ्यांनी पाहिला आहे. काचेच्या दुहेरी भिंतीच्या भांड्याला चांदीचा मुलामा देताना मध्ये एक उभी फट मोकळी ठेवलेली असते आणि तिच्यातून आतला द्रवरूप हेलियम दिसतो. पंपाने वरची वाफ ओढत राहिले की द्रव थंड होत जातो आणि जोराने उकळत असतो. तापमान २.१७ केल्विनला पोहोचले की बुडबुडे एकाएकी थांबतात आणि द्रव काचेसारखा स्वच्छ दिसू लागतो. त्याच्याही खाली कितीही थंड केले तरी साध्या दाबाखाली हेलियम गोठत नाही. त्याला घनरूप करायला सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो, कारण त्याच्या हलक्या अणूंची शून्यबिंदू हालचाल त्यांना एका जागी बसू देत नाही. म्हणजे ही ऊर्जा आहे आणि तिचे परिणाम मोजता येतात. तरीही त्या भांड्यातल्या हेलियमवर एक पंखासुद्धा फिरवता येत नाही. तो आधीच आपल्या सर्वांत खालच्या ऊर्जास्थितीत उतरलेला असतो. आणखी खाली उतरेल तेव्हाच तो काही देईल, आणि आणखी खाली जागाच नाही.

जे हेलियमला लागू आहे तेच विद्युतचुंबकीय क्षेत्राला लागू आहे. सर्व प्रकाश, सर्व उष्णता काढून घेतली तरी क्षेत्राची स्पंदने पूर्ण थांबत नाहीत, आणि या उरलेल्या स्थितीलाच क्वांटम निर्वात म्हणतात. तिची व्याख्याच न्यूनतम ऊर्जेची स्थिती अशी आहे. १९७८ मध्ये पुझ आणि वोरोनोविच यांनी हे काटेकोर गणिती रूपात सिद्ध केले. न्यूनतम ऊर्जेच्या स्थितीतील व्यवस्थेवर बाहेरून कितीही चतुराईने बदल केले आणि शेवटी ती साधने मूळ जागी आणली, तर त्या संपूर्ण चक्रातून निव्वळ काम मिळत नाही. फार तर आपण घातलेले काम वाया जाते. आपल्या प्रश्नाचे मर्म या एका विधानात आहे. ऊर्जेचा साठा किती मोठा आहे यावर काम मिळणे ठरत नाही; ते पातळीतल्या फरकावर ठरते.

खाजन शेती, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेती, पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बांधातल्या मानशीचे, म्हणजे पाण्याच्या झडपेचे, दार भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते आणि ओहोटीला आतले पाणी त्याला ढकलून बाहेर जाते. दार स्वतः काही निर्माण करत नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने नदीची पातळी वरखाली होते, म्हणून ते चालते. भरती-ओहोटी थांबून आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीवर आले, तर नदीत कितीही पाणी असो, ते दार हलणार नाही.

येथे विक्रेत्यांचा एक आवडता युक्तिवाद पुढे येतो. निर्वात स्थिर नाही, त्यात सतत स्पंदने चालू आहेत. मग मानशीसारखे एकाच दिशेने उघडणारे विद्युत दार, म्हणजे डायोड, लावून ती स्पंदने एका दिशेने का गोळा करू नयेत? प्रश्न भाबडा नाही आणि त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. रेणूंच्या उष्ण हालचालीबाबत हाच विचार मारियन स्मोलुखोव्स्की यांनी १९१२ मध्ये तपासला होता. ज्या स्पंदनांना पकडायचे त्यांच्याइतकेच नाजूक दार केले, तर ते दारही त्याच स्पंदनांनी थरथरते आणि चुकीच्या वेळी उघडते. दार आणि पाणी एकाच तापमानाला असतील तर दोन्हीकडची ये-जा सरासरीने तंतोतंत सारखी होते. डायोड हाही पदार्थच आहे. त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनांनाही स्वतःची शून्यबिंदू स्पंदने असतात आणि सभोवतालच्या क्षेत्राशी त्यांचा समतोल झालेला असतो. रॉजर कोच, डेल व्हॅन हार्लिंगेन आणि जॉन क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी जोसेफसन जोडांतील (विजेला मुळीच रोध न करणाऱ्या दोन अतिवाहकांमध्ये अतिपातळ थर ठेवून केलेल्या जोडांतील) विद्युत गोंगाट, म्हणजे प्रवाहातील अनियमित चढउतार, मोजून त्यात शून्यबिंदू घटकाची स्पष्ट खूण दाखवली. तो प्रयोग अतिशय सुंदर आहे. पण त्या जोडाला बाहेरून प्रवाह दिलेला होता आणि मोजणीची ऊर्जा त्या प्रवाहातून आली होती.

याच ठिकाणी एक साधा आकडा आपल्याला उपयोगी पडेल. एखाद्या वारंवारितेला शून्यबिंदू स्पंदने उष्णतेच्या गोंगाटातून वेगळी दिसायची असतील, तर त्या वारंवारितेचा एक पुंज तापमानाच्या ऊर्जेपेक्षा मोठा असला पाहिजे. सेकंदाला दहा अब्ज कंपनांच्या सूक्ष्मलहरींसाठी त्याकरिता अर्ध्या केल्विनच्या खाली जावे लागते. आपल्या घरातील विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेला आणि डिचोलीच्या हवेच्या तापमानाला शून्यबिंदूचा वाटा उष्णतेच्या गोंगाटाच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी कमी असतो. म्हणून तांब्याच्या वेटोळ्याने आणि चुंबकाने खोलीच्या तापमानाला ‘निर्वाताशी अनुनाद’ साधल्याचा दावा मी वाचतो, तेव्हा पुढची पाने वाचण्याची गरज मला उरत नाही.

आता कॅसिमिर परिणाम, कारण आपल्याला दिलेल्या लेखांचा सारा भर त्यावर आहे. हेन्ड्रिक कॅसिमिर हे नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९४८ मध्ये त्यांनी दाखवले की, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या सपाट पट्ट्या निर्वातात फार जवळ आणल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. दोन पट्ट्यांमधल्या फटीत ठरावीक तरंगलांबीची स्पंदनेच बसू शकतात आणि बाहेर सर्व बसू शकतात, अशी त्याची एक मांडणी आहे. स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये आणि उमर मोहिदीन व अनुश्री रॉय यांनी १९९८ मध्ये हे बल पुरेशा अचूकतेने मोजले. त्याबद्दल आता शंका नाही. सूक्ष्मयंत्रे बनवणाऱ्या अभियंत्यांना तर ते त्रासदायक वाटते, कारण अगदी लहान भाग एकमेकांना चिकटून बसण्यात त्याचाही हात असतो.

पण ते किती मोठे आहे ते पाहा. हे बल अंतराच्या चौथ्या घाताने घटते. पट्ट्यांमधील अंतर एक मायक्रोमीटर असेल तर दाब सुमारे १.३ मिलिपास्कल, आणि शंभर नॅनोमीटर असेल तर सुमारे १३ पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या आसपास असतो, त्याच्याशी हे ताडून पाहा. आता ऊर्जेचा हिशेब करू. आदर्श पट्ट्या दुरून शंभर नॅनोमीटरपर्यंत जवळ येऊ दिल्या, तर प्रत्येक चौरस मीटरमागे ०.४३ मायक्रोज्यूल काम मिळते. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या राज्यावर अशी एक पट्टी अंथरली, तेवढीच दुसरी तिच्यावर शंभर नॅनोमीटरपर्यंत अलगद उतरू दिली आणि कुठेही काही वाया गेले नाही असे मानले, तरी सुमारे सोळाशे ज्यूल हाती लागतील. त्यावर दहा वॅटचा एक एलईडी दिवा तीन मिनिटेही जळणार नाही. पट्ट्या आणखी जवळ आणल्या तर आकडा वाढतो हे खरे, पण त्या अंतरांवर खरे धातू आदर्श राहत नाहीत आणि बल सूत्रापेक्षा कमी भरते.

आकडा लहान आहे ही अडचण एक वेळ बाजूला ठेवता येईल; अभियांत्रिकीने लहान आकडे मोठे केल्याची उदाहरणे आहेत. खरी अडचण दिवा विझल्यावर सुरू होते. पट्ट्या जवळ आल्या. आता दुसऱ्यांदा काम हवे असेल तर त्या पुन्हा दूर न्याव्या लागतील आणि त्यासाठी तेवढेच सोळाशे ज्यूल घालावे लागतील. या बाबतीत कॅसिमिर बल ताणलेल्या स्प्रिंगच्या किंवा गुरुत्वाकर्षणाच्या बलाहून वेगळे वागत नाही.

ज्यांनी या विषयावर गंभीरपणे लिहिले त्यांना हे ठाऊक होते, आणि म्हणून त्यांच्या लेखांचा आदर ठेवूनच ते वाचावे असे मला वाटते. रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९८४ मध्ये विद्युतभारित पातळ पत्र्यांच्या थरांची रचना सुचवली. पत्रे कॅसिमिर बलाने जवळ येतात, भारांमधील प्रतिकर्षणाविरुद्ध काम होते आणि ते काम वीज म्हणून बाहेर काढता येते. रचना बरोबर आहे. ती एकदाच वापरायची बॅटरी आहे. डॅनियल कोल आणि हॅरल्ड पुटहॉफ यांनी १९९३ मध्ये असे काम काढणे उष्मागतिकीच्या (थर्मोडायनॅमिक्सच्या) नियमांना सोडून नाही असे दाखवले. विक्रेते हा लेख फार उद्धृत करतात. एकदाच्या आकुंचनापुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यावरून न थांबणारे इंजिन निघत नाही. फॅब्रिझिओ पिंटो यांनी १९९९ मध्ये खरोखर चक्र सुचवले: पट्ट्या जवळ असताना प्रकाश टाकून पट्टीतील अर्धवाहकाचे (सेमीकंडक्टरचे) गुणधर्म बदलायचे, ओढ कमी झाली की कमी कष्टात त्या दूर न्यायच्या, आणि मग प्रकाश बंद करायचा. मला हा प्रस्ताव सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. येथे हिशेबाची जागा प्रकाशाच्या खर्चात आहे. शेजारी दुसरी पट्टी असताना पदार्थाचे गुणधर्म बदलायला लागणारी ऊर्जा आणि ती नसताना लागणारी ऊर्जा सारखी नसते, आणि तो फरक मोजला की चक्रातला फायदा संपतो. ज्या ज्या प्रस्तावात मला नफा दिसला त्या त्या ठिकाणी असा एक खर्च मांडायचा राहून गेलेला होता.

आपल्याकडील चित्रफितीत ‘निर्वातातून प्रकाश निर्माण केला’ असे एक वाक्य आहे, असे आपण लिहिले आहे. तो प्रयोग खरा आहे. स्वीडनमधील चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठातील गटाने तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. निर्वातात आरसा अतिशय वेगाने हलवला तर प्रकाश निघावा, ही त्यामागची कल्पना. खरा आरसा एवढ्या वेगाने हलवणे शक्य नसल्यामुळे त्यांनी अतिवाहक तारेच्या टोकाला आरशासारखे वागणारे एक सूक्ष्म विद्युत मंडल बसवले आणि चुंबकीय क्षेत्राने त्या ‘आरशा’ची जागा जणू सेकंदाला दहा अब्जांहून अधिक वेळा पुढेमागे केली. त्यातून सूक्ष्मलहरींचे प्रकाशकण जोडीजोडीने बाहेर पडले. निर्वाताने येथे बीजाचे काम केले. त्या प्रकाशकणांची सर्व ऊर्जा मात्र आरसा हलवणाऱ्या यंत्रणेकडून आली, आणि हे त्या संशोधकांनी कधीही लपवले नाही. मासाहिरो होट्टा यांनी २००८ पासून मांडलेल्या ऊर्जेच्या क्वांटम दूरस्थांतरणाचेही असेच आहे. एका जागी मोजमाप करून ऊर्जा घालायची, त्याची माहिती दुसरीकडे कळवायची, आणि तिथे थोडी ऊर्जा मिळवायची. त्याची प्रायोगिक प्रात्यक्षिकेही झाली आहेत. मिळालेली ऊर्जा घातलेल्या ऊर्जेपेक्षा कमीच असते.

चहाच्या एका कपाएवढ्या निर्वातात सगळे समुद्र उकळण्याइतकी ऊर्जा आहे, हे वाक्यही आपण ऐकले असेल. ते येते असे: सर्व स्पंदनांची अर्धी अर्धी पुंज ऊर्जा बेरीज करत जायची आणि कल्पनेतल्या सर्वांत लहान लांबीला, प्लांक लांबीला, थांबायचे. ही बेरीज प्रचंड येते. पण विश्वाच्या प्रसरणावरून निर्वाताच्या ऊर्जेची जी घनता निघते ती एका घन किलोमीटरमागे सुमारे अर्धा ज्यूल एवढीच आहे. दोन्ही आकड्यांमध्ये एकावर सुमारे १२० शून्ये एवढा फरक पडतो आणि तो का पडतो हा पदार्थविज्ञानातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे. जी बेरीज निरीक्षणाशी इतकी विसंगत आहे तिलाच साठ्याचा पुरावा म्हणून दाखवणे मला अप्रामाणिक वाटते. आपला निर्वात कदाचित सर्वांत खालच्या पातळीवर नसेल आणि त्याहून खालची एखादी स्थिती असेल, ही शक्यता सिडनी कोलमन यांनी १९७७ मध्ये गणिताने तपासली आहे. तसे असल्यास खालच्या स्थितीचा बुडबुडा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरत जाईल आणि वाटेतले सर्व काही बदलून टाकील. त्यातून कारखाना चालवण्याचा विचार करता येत नाही.

मग वाद उरतो तो कशाचा? तो खरोखर आहे आणि तो नाही असे भासवणे चुकीचे ठरेल. रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये असे दाखवले की कॅसिमिर बल निर्वाताच्या ऊर्जेचा उल्लेखही न करता, दोन पट्ट्यांतील विद्युतभारांच्या परस्परक्रियेतून काढता येते. म्हणून ते बल मोजले म्हणजे निर्वातातील ऊर्जा ‘सापडली’ असे म्हणता येत नाही. इतर काहींना ही दोन्ही वर्णने समान दर्जाची वाटतात. कोणते वर्णन स्वीकारावे हे तुम्ही कोणत्या गणिती चौकटीत काम करता यावर अवलंबून आहे. ऊर्जेचा हिशेब मात्र दोन्हींत एकच येतो. प्रयोगाच्या बाजूने कोलोराडो विद्यापीठातील गॅरेट मॉडेल यांच्या गटाने २०२१ मध्ये असे प्रसिद्ध केले की, धातू, विद्युतरोधक आणि धातू अशा अतिपातळ थरांच्या साधनाला एका बाजूने सूक्ष्म पोकळी जोडली असता बाहेरून विद्युतदाब न देताही लहानसा प्रवाह मिळतो. इतर कारणे वगळण्यासाठी आपण अनेक चाचण्या केल्या असे ते सांगतात आणि निर्वातातील स्पंदनांचा समतोल बिघडतो असा अर्थ लावतात. मी त्या अर्थाशी सहमत नाही. अशा साधनांत तापमानातील किंचित फरक, थरांमध्ये अडकलेले भार आणि पदार्थात सावकाश होणारे बदल फार काळ फसवू शकतात. पण त्यांनी निष्कर्ष उघडपणे मांडले आहेत आणि त्यांची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेने तीच रचना स्वतंत्रपणे बनवून, एकसमान तापमानात दीर्घकाळ ठेवूनच व्हायला हवी. तो प्रवाह खरा ठरला तरी आपला पाच किलोवॅटचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दाबून ठेवण्याबद्दल. वर सांगितलेले फॉरवर्ड, कोल, पुटहॉफ आणि पिंटो यांचे लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’ या जगातील अग्रगण्य नियतकालिकमालेत छापले गेले आहेत. नासाने १९९६ ते २००२ या काळात अवकाशप्रवासाच्या अपारंपरिक कल्पनांसाठी एक कार्यक्रम चालवला आणि त्यात निर्वाताच्या ऊर्जेवरील अभ्यासालाही निधी दिला. असा विषय दाबला गेला असे मला म्हणता येत नाही. पेटंटचे म्हणाल, तर बर्नार्ड हाइश आणि मॉडेल यांना अशा कल्पनेवर अमेरिकेत २००८ मध्ये पेटंट मिळालेले आहे. पेटंट म्हणजे कल्पना नवी आहे आणि ठरलेल्या निकषांत बसते असा कार्यालयाचा निर्णय. यंत्र चालताना पाहून दिलेला तो दाखला नसतो. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ चे पहिलेच उपकलम सुप्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या दाव्यांना पेटंट नाकारते. आपल्या विक्रेत्याकडे भारतीय पेटंट आहे का, एवढे विचारून पाहा.

आता व्यवहाराकडे येतो, कारण सिद्धान्त पटला नाही तरी मोजमाप कोणालाही करता येते. अशी प्रात्यक्षिके मी पाहिली आहेत आणि त्यांतील बहुतेकांत फसवणुकीपेक्षा मीटरचा गैरसमज अधिक होता. एका शेडमध्ये वेटोळे आणि कपॅसिटर यांचे अनुनादी मंडल चालू होते. आत जाणारी शक्ती ११० वॅट. वेटोळ्याच्या टोकांवर २३० व्होल्ट आणि त्यातून फिरणारा प्रवाह चार अँपिअर. मालकांनी २३० ला चारने गुणले आणि ९२० वॅट बाहेर येत आहेत असे अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले. मी पाण्याची बादली आणि हजार वॅटची विसर्जन कांडी (पाणी तापवायचा इमर्शन रॉड) मागवली. कांडी त्या टोकांना जोडताच व्होल्टमीटर चाळिसाच्या आत आला आणि बराच वेळ थांबूनही तापमापीचा पारा म्हणण्यासारखा चढला नाही. अशा मंडलात ऊर्जा वेटोळे आणि कपॅसिटर यांच्यामध्ये नुसती येरझारा घालत असते; व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी शिखरावर नसतात, म्हणून त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट नव्हे. दुसरा नेहमीचा घोटाळा चिमटा मीटरचा (क्लॅम्प मीटरचा) आहे. स्वस्त मीटर प्रवाहाची सरासरी घेतात आणि तो ज्या-वक्राच्या (साइन वेव्हच्या) आकाराचा आहे असे धरून आकडा दाखवतात. यंत्र जर अरुंद, टोकदार झटक्यांनी प्रवाह ओढत असेल तर आत जाणारी शक्ती फार कमी दिसते. त्यामुळे व्होल्टमीटर आणि चिमटा मीटर यांच्या आकड्यांवर उभे असलेले कोणतेही प्रात्यक्षिक स्वीकारू नका.

उष्णता मोजा, ती चकवत नाही. पाच किलोवॅटचे यंत्र असेल तर शंभर लिटर पाणी तीस अंशांवरून सत्तर अंशांपर्यंत एका तासाच्या आत गेले पाहिजे. त्यासाठी टाकी, कांड्या आणि तापमापी आपली असावी, वायरी आपल्या विजेच्या जाणकाराने जोडाव्यात, आणि यंत्र मोकळ्या जागेत लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेले असावे, म्हणजे खालून काही येत नाही याची खात्री होईल. चाचणी किती वेळ चालवायची हे यंत्राच्या वजनावर ठरवा. यंत्र साठ किलोचे असेल आणि ते सगळेच्या सगळे उत्तम लिथियम बॅटरीचे बनलेले आहे असे धरले, तरी त्यात सुमारे पंधरा युनिट वीज मावेल, म्हणजे पूर्ण भारावर तीन तासांची. तासाभराचे प्रात्यक्षिक म्हणूनच काही सिद्ध करत नाही. तेच यंत्र सलग एक आठवडा पूर्ण भारावर चालले तर ८४० युनिट होतात, आणि तेवढी ऊर्जा साठ किलो वजनात लपवता येईल अशी बॅटरी बाजारात नाही. यंत्र जड असेल तर त्या प्रमाणात मुदत वाढवा. ‘सुरू करायला’ बाहेरची जोडणी लागते असे सांगितले, तर सुरू झाल्यावर ती काढून टाकायला सांगा.

विक्रेता जे विकतो आहे ते नेमके काय आहे, यावरही थोडे अवलंबून राहील. कधी कधी ‘निर्वात ऊर्जा’ या नावाखाली सौर पॅनेल, उष्णतेच्या फरकावर चालणारे साधन किंवा नुसता इन्व्हर्टर दिला जातो. तसे असेल तर ते उपकरण त्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या किमतीत तपासा. ते उपयोगी असूही शकते. आपल्याकडे काजूच्या टरफलांचे इंधन आहे, छप्पर आहे आणि खंडित होणारी का असेना पण वीजजोडणी आहे. पावसाळ्यातली खंडित वेळ भरून काढायला त्यांपैकी काय सोयीचे पडेल हे आपल्या भाराचा तक्ता पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कोणते यंत्र दिवसाच्या कोणत्या वेळी किती चालते याची महिनाभराची नोंद ठेवून पाठवलीत, तर त्यावर वेगळे लिहीन.

आगाऊ रकमेबद्दल माझे मत विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: देऊ नका. विक्रेत्याला चाचणीच्या अटी लेखी पाठवा. यंत्र त्याने स्वखर्चाने आणावे, ते सलग एक आठवडा आपल्या पाण्याच्या टाकीवर चालवावे, आणि आकडे जुळले तरच पूर्ण रक्कम त्याच दिवशी द्यावी. चाचणीची मुदत कमी करण्याची किंवा टाकीऐवजी मीटरवर समाधान मानण्याची विनंती आली, तर ते पत्र फाइलला लावून ठेवा आणि व्यवहार तिथेच थांबवा.